पाणी न दिलेली चकमक

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात केरबा नावाचा लोहार राहत होता. त्याच्या हाताला गुण होता. त्याने केलेला विळा वर्षानुवर्षं धार सोडत नसे आणि कुऱ्हाडीचं पातं दांड्यात कधी हलत नसे. लोक त्याचं कौतुक करत. केरबालाही ते कौतुक ऐकायला फार आवडायचं. भाता ओढता ओढता तो ते कान देऊन ऐकत असे.

ही गोष्ट आगपेट्या गावात येण्याच्या आधीची. विस्तव करायचा तर चकमक झाडावी लागे. चकमक म्हणजे पोलादाची बोटभर पट्टी. ती गारगोटीवर मारली की ठिणग्या उडत. ठिणगी कापसावर पडली की कापूस धुमसू लागे आणि त्यावर जपून फुंकर घालत विस्तव करायचा. गावातल्या बहुतेक चकमकी केरबाच्या भट्टीत घडलेल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र चकमक लागतच नसे. भट्टीतला निखारा तो राखेखाली झाकून ठेवी आणि सकाळी भात्याने फुलवी. कोऱ्या कापसावर ठिणगी पाडून विस्तव करायची वेळ त्याच्यावर कित्येक वर्षांत आली नव्हती.

गावातली घरं गवताने शाकारलेली होती. दरवर्षी मार्गशीर्षात वीस-बावीस माणसं डोंगरावरच्या पठारावर जात, पाच दिवस तिथेच तळ ठोकत आणि गवत कापून आणत. वर ना घर ना दार. गार वारा सतत वाहायचा आणि आजूबाजूला बिबट्याचा वावर असायचा. म्हणून निघण्याआधी पारावर बैठक बसायची आणि कुणी काय न्यायचं ते ठरायचं. पीठ-मीठ कुणी, दोर कुणी, पाण्याच्या घागरी कुणी. सगळ्यांत जपून ठरवायचं ते विस्तवाचं सामान. त्यातला कापूस अंजिराबाईचा असे. चकमक असे सिदूआजाची.

अंजिराबाईचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. देवळातल्या दिव्यांसाठी वाती वळून देण्याचं काम तिच्याकडे होतं. सिदूआजा सत्तरी ओलांडलेला म्हातारा. घर कसं शाकारायचं हे गावातल्या निम्म्या लोकांना त्यानेच शिकवलं होतं.

त्या वर्षी बैठकीत केरबा म्हणाला, "या खेपेला चकमक माझी. तळासाठी खास नवी घडवतो."

कापणीचा म्होरक्या बाळोजी म्हणाला, "घडव की. पण आजाचीही बरोबर असू दे. जुनी असली तरी चालते ती."

केरबा हसला. "अण्णा, तळावर लोहार असताना दुसरी चकमक न्यायची म्हणजे माझ्यावर अविश्वासच की! आजा, तुमची चकमक यंदा घरी राहू द्या. आणि बाकीच्यांनीही उगाच कमरेला भार बांधून घेऊ नका."

लोक हसले. सिदूआजाही हसला. "बरं बाबा, तू म्हणशील तसं," असं म्हणून त्याने मान डोलावली. केरबाखेरीज कुणीच चकमक बरोबर घ्यायची नाही, असं ठरलं.

केरबाने तीन दिवस खपून ती पट्टी घडवली. तिच्या एका टोकाला त्याने मोर काढला, पिसाऱ्याच्या रेघा कोरल्या आणि ती आरशासारखी चकचकीत घासली. आता एकच काम उरलं होतं. पोलाद लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवायचं. याला लोहार पाणी देणं म्हणतात. पाणी दिलं की पोलाद कडक होतं. पाणी न दिलेली पट्टी मऊ राहते आणि गारगोटीवर कितीही मारली तरी नीट ठिणगी देत नाही. लोहाराच्या पोराला हे चालता येऊ लागल्यापासून ठाऊक असतं.

पण पट्टी पुन्हा भट्टीत घातली असती तर मोर काळा पडला असता. चकाकी गेली असती. केरबाने ती दोन-तीनदा चिमट्यात धरली आणि दोन-तीनदा खाली ठेवली. शेवटी तो स्वतःशीच म्हणाला, "पोलाद अस्सल आहे. असंही चालेल."

त्याची बायको चुलीशी बसून हे बघत होती. ती म्हणाली, "निदान एकदा गारगोटीवर मारून तरी बघा."

"आता तू मला लोहारकाम शिकव," केरबा म्हणाला, आणि त्याने पट्टी फडक्यात गुंडाळून ठेवली.

तिकडे अंजिराबाई काटेसावरीचा कापूस चार दिवस उन्हात वाळवत होती. वाळल्यावर तिने तो कोळशाच्या भुकटीत घोळला, बांबूच्या नळकांड्यात भरला, झाकण मेणाने बंद केलं आणि वरून पळसाची पानं बांधली. निघायच्या दिवशी तिने नळकांडं केरबाच्या हाती दिलं. "दादा, पाऊस आला तरी आत थेंब जायचा नाही. माझी खात्री आहे."

पहाटे निघालेली माणसं दुपारी पठारावर पोचली. बायकांनी सुकी लाकडं गोळा करून झाकून ठेवली. पुरुषांनी फांद्या रोवून खोपी उभ्या केल्या. अजून खोपी शाकारून व्हायच्या होत्या, तोच मावळतीकडून आभाळ काळं होऊन आलं. त्या दिवसांत पाऊस येत नाही. त्या वर्षी आला. आधी वारा आला, मग टपोऱ्या गारा आणि गारांमागून थंडगार पाऊस. पिठाच्या पोत्यांवर टाकलेलं कांबळं वाऱ्याने उडून जाऊ लागलं, तेव्हा सिदूआजा त्यावर पालथा पडला. पाऊस थांबेपर्यंत तो तसाच पडून राहिला. पीठ वाचलं. पण लोकांनी आजाला उचलून खोपीत आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि दात थडाथड वाजत होते.

बाळोजीने त्याचे ओले कपडे काढले आणि कांबळ्यातली त्यातल्या त्यात कोरडी बाजू त्याच्याभोवती गुंडाळली. "केरबा, विस्तव कर. लवकर."

सगळे बाजूला सरले. केरबा लाकडांपुढे उकिडवा बसला. त्याने नळकांड्याचं मेण फोडलं. आत कापूस असा कोरडा होता की त्याच्या श्वासानेसुद्धा हलत होता. त्याने चिमूटभर कापूस गारगोटीवर धरला आणि पट्टी मारली.

ठिणगी पडली नाही.

त्याने पुन्हा मारली. पुन्हा मारली. दहा वेळा, वीस वेळा. एखादी लालसर कणी दिसे आणि कापसावर पोचण्याआधीच विझून जाई. पट्टीच्या कडेला गारगोटीने खाचा पडत होत्या. खाच पडली म्हणजे पोलाद मऊ आहे. केरबाच्या बोटांना ते कळलं.

भोवती वीस माणसं उभी होती. सगळ्यांचे डोळे त्याच्या हातांवर होते. त्या डोळ्यांत अजून शंका नव्हती, नुसती वाट पाहणं होतं. तेच केरबाला सोसवेना. त्याने रागाने मूठ आवळली. बाहीतलं पाणी मनगटावरून मुठीत ओघळलं आणि मुठीतला कापूस भिजला. त्याने मूठ उघडून त्या काळ्या लगद्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेला.

"कापूस ओला आहे."

बाळोजीने लगदा हातात घेऊन दाबून पाहिला. पाणी निथळलं. त्याने अंजिराबाईकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

"असं कसं होईल?" अंजिराबाई म्हणाली. "मी मेण लावलं होतं. चार दिवस वाळवला होता."

"लावलं असशील गं," कुणीतरी म्हणालं, "पण कुठेतरी फट राहिली."

अंजिराबाईने एकदा केरबाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी आत बघण्याआधी तो नळकांड्याला झाकण लावत होता. त्याने मान वर केली नाही. मग तिचीच मान खाली गेली. "राहिली असेल," ती हळूच म्हणाली.

खोपीच्या कोपऱ्यात विळे रचून ठेवले होते. केरबाचं लक्ष तिकडे गेलं आणि तिथेच खिळलं. ते विळे त्याच्याच भट्टीतले होते. त्या प्रत्येकाच्या धारेला त्याने आपल्या हाताने पाणी दिलं होतं. विळ्याच्या धारेवर गारगोटी मारली असती तर हव्या तेवढ्या ठिणग्या पडल्या असत्या. नळकांड्यात कोरडा कापूस अजून पुष्कळ होता. दोन घटकांत नव्हे, दोन क्षणांत विस्तव झाला असता.

पण मग सगळ्यांनी विचारलं असतं की विळ्याने झालं ते चकमकीने का नाही झालं, आणि कापूस ओला होता तर आता पेटला कसा.

केरबाने विळ्यांवरची नजर काढली. लगेच ती पुन्हा तिकडे गेली. त्याने नळकांडं आपल्या पाठीमागे सरकवलं.

सिदूआजाचं थरथरणं थांबलं होतं. थंडीने गारठलेल्या माणसाचं थरथरणं थांबणं हे चांगलं लक्षण नव्हे, हे डोंगरातल्या लोकांना माहीत असतं. बाळोजी त्याचे तळपाय चोळत होता. "आजा, डोळे उघडा. झोपू नका आजा."

अंजिराबाई उठली. कोपऱ्यातलं एक गाडगं तिने उचललं. "ओढ्यापलीकडे धनगरवाडा आहे. तिथं विस्तव असणार. मी घेऊन येते."

"ओढा फुगला असेल," बाळोजी म्हणाला. "थांबा, दुसरं कुणीतरी जाईल."

"माझ्या कापसामुळं झालंय ना? मग मीच जाते. ताक आणायला मी त्या वाटेनं खूपदा गेलेय."

केरबा कसाबसा म्हणाला, "वहिनी, मी येतो बरोबर."

"नको दादा. तुम्ही इथंच थांबा. विस्तव आणला तर ओल्यात तो फुलवायला लोहाराचाच हात लागेल."

ती निघाली. केरबा थांबला. आणि थांबायला मिळालं म्हणून क्षणभर त्याला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं हे त्याला कळलं आणि त्या खोपीत कुठे तोंड लपवावं ते त्याला समजेना.

दिवेलागणीच्या सुमाराला ती परतली. कमरेपर्यंत चिखल, केस सुटलेले, आणि गाडगं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय सरकला होता. गाडगं पाण्यात जाऊ नये म्हणून तिने ते कवटाळलं होतं, आणि मग ओला पदर लावला तर तापलेलं गाडगं तडकेल म्हणून ते तसंच नुसत्या हातांनी धरून ती चढण चढून आली होती. गाडगं तापलेलं होतं. तिने ते खाली ठेवलं तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांची कातडी पांढरी पडून सुटली होती.

केरबाने निखाऱ्यांवर बारीक काटक्या रचल्या आणि फुंकर घातली. जाळ धरला. खोप उजळली. "लोहाराच्या हाताला यश आहे," कुणीतरी म्हणालं. केरबाच्या कानात तापलेली सळई गेल्यासारखं झालं.

आजाला शेकलं, गरम पेज पाजली. हळूहळू त्याचे ओठ पूर्ववत झाले. तो पुन्हा थरथरू लागला तेव्हा बाळोजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

अंजिराबाई भिंतीच्या फांदीला टेकून बसली होती. बायका तिच्या हातांवर तूप चोपडत होत्या. केरबा जवळून गेला तशी ती म्हणाली, "दादा, माझ्या हलगर्जीपणामुळं चारचौघांत तुमच्या चकमकीला बट्टा लागला. मनात ठेवू नका."

केरबाला वाटलं, आता बोलावं. त्याने तोंड उघडलं. "असू दे वहिनी," एवढंच बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं. सगळे विळे घेऊन कापणीला गेले. केरबा मुद्दाम मागे राहिला. त्याने निखारे एकत्र केले, पट्टी त्यात खुपसली आणि बांबूच्या नळीने फुंकत फुंकत ती लाल केली. मग घागरीतल्या पाण्यात बुडवली. चर्रकन आवाज झाला. मोर काळा पडला. गारगोटीवर मारताच आता ठिणग्यांचा सडा पडला. केरबाने इकडेतिकडे पाहिलं. आजा खोपीत झोपला होता आणि अंजिराबाई काटक्या गोळा करायला गेली होती; बघणारं कुणीही नव्हतं. चोरी पचली होती.

पण अंजिराबाई खोपीच्या दारात बसून असे. तिला विळा धरता येत नव्हता. ज्याने जेवढं गवत कापावं तेवढं त्याचं, अशी तळाची रीत होती. इतर बाया भारे बांधत होत्या आणि ती कोपरांनी काटक्या गोळा करून चुलीपुढे लोटत होती. "बसून खाल्लं असं नको व्हायला," ती म्हणे.

तिसऱ्या दिवशी कापणी लांबच्या टोकाला सरकली. तिथे वेगळा विस्तव हवा होता. बाळोजी म्हणाला, "केरबा, बघ आता तुझी चकमक धरते का. दोन दिवस ऊन आहे, कापूस एव्हाना वाळला असेल."

केरबाने त्याच नळकांड्यातला कापूस घेतला. पहिल्याच ठिणगीला तो धुमसला. लोकांनी वाहवा केली. "काळी पडली, पण काय चकमक आहे!" एकजण म्हणाला. "बघितलंत? दोष कापसाचाच होता."

अंजिराबाई भाकरीची टोपली दोन्ही मनगटांवर तोलून तिथे आली होती. तिने धुमसणाऱ्या कापसाकडे पाहिलं आणि स्वतःच्या फडकी बांधलेल्या हातांकडे पाहिलं. "आता धरतोय," ती पुटपुटली. "तेव्हाच नीट भरला असता तर."

केरबाने त्या दिवशी पाच माणसांचं गवत कापलं. विळा चालत राहिला की डोकं चालत नाही, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

पाचव्या दिवशी भारे बांधून झाले. खाली उतरण्याआधी सगळे गोल बसले. पुढच्या वर्षीचं सामान तिथेच ठरवायची पद्धत होती. बाळोजी म्हणाला, "एक गोष्ट मनाविरुद्ध बोलावी लागते. आजा थोडक्यात वाचला. पुढच्या वर्षी कापूस आणि चकमक, दोन्ही केरबाकडे राहू द्या." तो थोडा थांबला. "आणि देवळातल्या वातींचंही बघावं, असं चार जणांचं म्हणणं आहे. ज्या हातांकडून एकदा हलगर्जी झाली... वहिनी, राग मानू नका."

अंजिराबाईने राग मानला नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे अण्णा. मलाच आता माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही."

केरबा उभा राहिला. आपण उभे का राहिलो हे त्याला नीटसं कळलं नव्हतं. त्याने कमरेची पट्टी काढून गोलाच्या मध्ये टाकली.

"कापूस कोरडा होता," तो म्हणाला.

कुणाला काही समजलं नाही.

"कापूस पहिल्यापासून कोरडा होता. माझ्या मुठीत तो भिजला. चकमक कच्ची होती. मोराची चकाकी जाईल म्हणून मी तिला पाणी दिलं नव्हतं. इथं आल्यावर, तुम्ही कापणीला गेलात तेव्हा, चोरून दिलं."

मग बाळोजी नरमाईने म्हणाला, "माणूस आहे, चुकतो. आधी सांगायला हवं होतंस. पण सांगितलंस. बस खाली."

केरबाला खाली बसता आलं असतं. लोकांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते एवढ्यावर सोडून द्यायला तयार आहेत. तो उभाच राहिला.

"अजून आहे, अण्णा." त्याचा आवाज चिरकला. "विळे तिथंच पडले होते. विळ्याच्या धारेवर ठिणगी पडते, हे मला माहीत होतं. मला तेव्हाच आठवलं होतं. अंजिरावहिनी गाडगं घेऊन उठल्या तेव्हा मी विळ्यांकडेच बघत होतो. आजाचे ओठ निळे पडले होते, तरी मी बोललो नाही. बोललो असतो तर माझी लबाडी उघडी पडली असती."

आता मात्र कुणी "असू दे" म्हटलं नाही. बाळोजीने मान फिरवली. सिदूआजा कांबळं गुंडाळून बसला होता. त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू कोपऱ्यात सारखा काय बघतोयस, ते मला तेव्हा कळलं नव्हतं रे."

केरबा अंजिराबाईपुढे गेला आणि गुडघ्यांवर बसला. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. "वहिनी, तुमचे हात बरे होईपर्यंत तुमच्या घरचं सगळं काम माझं. तुमचं गवत मी कापून आणतो, घर मीच शाकारतो."

अंजिराबाईने फडकी बांधलेले हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "हात भाजले, त्याचं मला एवढं नाही. आजासाठी पुन्हा भाजून घेईन. पण चार दिवस मी माझ्याच हातांना शिव्या देत होते. मी तुमची माफी मागितली, केरबादादा. आणि तुम्ही ती घेतलीत."

केरबाने मान आणखी खाली घातली.

"गवत आणून द्या," ती म्हणाली. "ते मी घेईन. घर उघडं ठेवून मला चालायचं नाही. पण माफ केलं असं आज माझ्याकडून वदवून घेऊ नका."

गावकरी भारे घेऊन खाली उतरले. जाताना बाळोजीने उरलेली भाकरी केरबासाठी ठेवली, पण त्याच्याशी तो बोलला नाही. केरबा एकटाच पठारावर राहिला. त्याने तीन दिवस अंजिराबाईचं गवत कापलं आणि भाऱ्यामागून भारा डोक्यावरून खाली आणला. पहिल्याच खेपेला तो गावात शिरला, तेव्हा पारावरची माणसं बोलता बोलता थांबली. भारा मोठा होता, त्याखाली तोंड दिसत नव्हतं. तरी केरबाला वाटलं, सगळ्यांना आपण दिसतोय. अंजिराबाईच्या घरापर्यंतची ती शंभर पावलं त्याला त्या अख्ख्या घाटाहून लांब वाटली.

अंजिराबाईचं घर शाकारून झालं. देवळातल्या वाती तिच्याकडेच राहिल्या. बाळोजी स्वतः तिच्या दारात जाऊन तसं सांगून आला. तिचे तळवे महिन्याभराने भरून आले, पण डाव्या हाताची दोन बोटं पुढे कधी पूर्ण सरळ झाली नाहीत. सिदूआजा हिवाळाभर खोकला आणि उन्हाळ्यात सुधारला. केरबाकडे लोक पुन्हा विळे घेऊन येऊ लागले, कारण विळे लागतातच. फक्त त्याच्या भट्टीपुढे उभं राहून कौतुक करायची पूर्वीची सवय गावाने सोडली. केरबानेही ते ऐकायला कान टवकारणं सोडलं.

माफ केलं, हा शब्द अंजिराबाई कधी बोलली नाही. केरबानेही तो कधी मागितला नाही. पण दरवर्षी तळावर जाण्याआधी पारावर बैठक बसली, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच डोंगरावर निघालेलं कुणी त्यात असलं, की केरबा आपणहून उभा राहत असे. विस्तवाचं सामान आधी का पारखून बघायचं, एकाऐवजी दोन चकमकी का न्यायच्या, हे तो सांगत असे. मग आपण काय केलं तेही सांगे. पट्टीचं सांगे, कापसाचं सांगे आणि विळ्यांचंही सांगे. दरवेळी त्याचे कान लाल होत आणि आवाज चिरके. तरी त्यातला एक शब्दही त्याने कधी गाळला नाही.

तात्पर्य: ज्या वस्तूवर दुसऱ्यांचा जीव अवलंबून आहे, ती आधी स्वतः पारखून घ्यावी. आणि आपली चूक उघडी पडली तर ती त्याच क्षणी कबूल करावी. लपवलेल्या चुकीचे चटके एखाद्या निर्दोष माणसाला सोसावे लागतात, आणि मग कबुली दिली तरी ते परत घेता येत नाहीत.